जनुकांची कात्री: भाचीसाठी हवीच, पण न जन्मलेल्यासाठी?

कडकभाकरी | शनिवार, १० जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे आजवर मी शेंगा चटणी आणि रेल्वेचं वेळापत्रक सोडून कशावर लिहिलेलं नाही. आज जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

माझी भाची नऊ वर्षांची आहे. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात नीट रक्तच तयार होत नाही असा आनुवंशिक आजार. सात-आठ महिन्यांची असताना पांढरी पडायला लागली. आधी वाटलं नजर लागली, मग वाटलं दूध पचत नाही. तपासण्या झाल्या तेव्हापासून दर वीस-बावीस दिवसांनी रक्त. तिला रक्ताचं काही वाटत नाही, सुईचं वाटतं. हाताची शीर आता पटकन सापडत नाही. सिस्टर मनगटावर दोन बोटांनी टिचक्या मारत बसते आणि ही दुसरीकडे तोंड करून भिंतीवरचं पोस्टर मोठ्यानं वाचते, र-क्त-दा-न. एकदा पिशवी लागली की मग राणीसरकार. थेंब मोजते. मागे मला विचारलं, "मामा, आजचं कुणाचं आहे?" म्हटलं, माहीत नाही गं, दिलं असेल कुणीतरी. तर म्हणे, "मागच्या वेळचं जास्त लाल होतं."

ताईला आमच्या आत्याच्याच घरी दिलेलं आहे. म्हणजे दाजी माझे आतेभाऊ. सोलापुरात कुणाला यात वावगं वाटत नाही, उलट मामाची मुलगी सोडून बाहेरची केली तर मामी रुसते. दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत. दोघांनाही कधी काही त्रास नाही, रक्त थोडं कमी, एवढंच. ताई लग्नाआधी वर्षभर लोहाच्या गोळ्या खात होती, आणि त्या गोळ्यांचा उपयोग का होत नाही हे एकाही डॉक्टरनं तिला विचारलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. महिन्याभरापूर्वी दाजींना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ आला, 'क्रिस्परने थॅलेसेमिया मुळासकट बरा'. (क्रिस्पर म्हणजे ही जनुकं कापायची कात्री.) त्यापाठोपाठ एका मोठ्या शहरातल्या सेंटरच्या माणसाचा फोन. (सेंटरचं नाव घेत नाही, उगाच लफडं नको.) तो म्हणाला, मोठ्या मुलीचं आता काही होणार नाही, पण दुसरं मूल आम्ही जनुक दुरुस्त करून देऊ, गर्भ एक पेशीचा असतानाच. वर हसून म्हणाला, "रंग, उंची, बुद्धी हे पण येईलच सर, टेक्नॉलॉजी थांबत नसते." आगाऊ दीड लाख. दाजींचे चार माग आहेत, टॉवेलचे. त्यातले दोन विकायची भाषा चालू आहे.

मी तीन आठवडे मिळेल ते वाचतोय. मला दोन गोष्टी वेगळ्या दिसतात, त्या मागाच्या भाषेत सांगतो. चादर विणताना धागा तुटला तर ती एक चादर सेकंडच्या मालात जाते. पण जॅकार्डच्या (नक्षी ठरवणाऱ्या) कार्डात भोक चुकलं तर त्या कार्डावर निघणाऱ्या प्रत्येक चादरीवर मोराची मान वाकडी येते. भाचीच्या रक्तपेशी बाहेर काढून दुरुस्त करणं म्हणजे चादर रफू करणं. भ्रूणात हात घालणं म्हणजे कार्डाला भोक पाडणं. ते त्या बाळाच्या अंडाशयात-वीर्यात जाणार, तिथून त्याच्या पोरांत, नातवंडांत.

पहिलं मला हवं आहे, उद्या हवं आहे. दुसऱ्याची भीती वाटते. पण ताई विचारते, "माझ्या जागी तू असतास तर?" तेव्हा मला बोलता येत नाही. जाणकारांनी लिहा.

स्टेथो | शनिवार, १० जानेवारी, रात्री ११:२५

कडकभाकरी, आधी दाजींना फोन करा आणि माग विकू देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा.

तो माणूस जे विकतोय ते भारतात कुणालाच विकता येत नाही. भ्रूणाची, बीजपेशींची जनुकं बदलून मूल जन्माला घालायला आपल्याकडे परवानगीच नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१९ च्या जीन थेरपीच्या मार्गदर्शक तत्त्वांत ते स्पष्ट आहे. त्याच्याकडे जे असेल (असलंच तर) ते आयव्हीएफ करून भ्रूण *तपासणं* आहे, *दुरुस्त करणं* नाही. हा फरक दाजींना पाटीवर लिहून दाखवा. आई-बाप दोघं मायनर असतील तर दर गर्भाला मेजर असण्याची शक्यता चारात एक. म्हणजे चारातले सरासरी तीन गर्भ असेही मेजर नसतात. मग जो चौथा बिघडलाय त्याला कात्री लावायची की तिघांतला एक ठेवायचा? म्हणून बहुतेक जोडप्यांसाठी भ्रूण-संपादनाची वैद्यकीय गरजच उभी राहत नाही. ज्या आजारासाठी तपासणी करायची तो आजार घरात ठाऊक असला पाहिजे, हे २०२१ च्या एआरटी कायद्यातच (आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा) आहे. रंग, उंची, बुद्धी त्यात बसत नाहीत. याहून साधा रस्ता म्हणजे दिवस राहिल्यावर दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची डीएनए तपासणी. थॅलेसेमियासाठी ती वर्षानुवर्षं होते आहे.

आता भाचीचं. व्हिडिओ सगळाच खोटा नाही. कॅसजेव्ही नावाचा उपचार खरा आहे. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली, अमेरिकेने त्याच डिसेंबरात सिकलसेलसाठी (रक्ताचाच दुसरा आनुवंशिक आजार) आणि जानेवारी २०२४ मध्ये थॅलेसेमियासाठी. गंमत अशी की बिघडलेलं जनुक त्यात दुरुस्त करतच नाहीत. आईच्या पोटात असताना आपल्या सगळ्यांचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर बीसीएल-११-ए नावाचं जनुक ते बंद करायला लावतं. कात्री त्या बंद करणाऱ्या बटणावर चालवतात, आणि बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा चालू होतं. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी रुग्णाच्याच, त्यामुळे डोनर शोधायला नको.

पण व्हिडिओत काय सांगत नाहीत ते ऐका. दुरुस्त पेशी परत घालायच्या आधी जुना बोनमॅरो रिकामा करावा लागतो. त्यासाठी बुसल्फान, म्हणजे चक्क केमोथेरपी. केस जातात, तोंड सोलतं, आठवडेच्या आठवडे बंद खोलीत, आणि पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. ती मान्यता मिळाली तेव्हा १२ वर्षं आणि त्यावरच्यांनाच होती, भाची नऊची. आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर.

कडकभाकरी | शनिवार, १० जानेवारी, रात्री ११:४१

२२ लाख डॉलर म्हणजे आपले २० कोटींच्या आसपास. दाजींचे चार माग, राहतं घर आणि आत्याची बोरमाळ धरली तरी पुढची शून्यं पुरत नाहीत.

फोन केला. झोपले होते. शिव्या खाल्ल्या, पण माग थांबलेत.

उद्याचामाणूस | रविवार, ११ जानेवारी, सकाळी ९:०५

पुण्याहून लिहितोय. धागाकर्त्याबद्दल पूर्ण सहानुभूती, पण धाग्याचा सूर नेहमीसारखा घाबरट आहे. पहिली टेस्ट ट्यूब बेबी १९७८ साली जन्मली तेव्हा हेच सगळं बोललं गेलं होतं. आज गल्लोगल्ली आयव्हीएफ सेंटर आहे.

फिलाडेल्फियातल्या बाळाचं वाचलंत का? सीपीएस-१ ची कमतरता, म्हणजे शरीरात अमोनिया साठून मेंदू जायचा आजार. त्या एकट्या बाळासाठी, त्याच्याच चुकीवर बेतलेलं संपादनाचं औषध साधारण सहा महिन्यांत तयार केलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिला डोस दिला. २०१२ मध्ये डाउडना आणि शार्पेंतिए यांचा शोधनिबंध, २०२० मध्ये त्यांना नोबेल, २०२५ मध्ये एका बाळासाठी वेगळं औषध. वेग बघा. आज २० कोटी आहेत ते उद्या २० लाख होतील. मग भ्रूणातच एकदा दुरुस्त केलं आणि पुढच्या सगळ्या पिढ्या सुटल्या तर त्यात *अनैतिक* काय? मला तर न करणं अनैतिक वाटतं. आणि हो, उद्या मुलाची स्मरणशक्ती वाढवता आली तर मी वाढवेन. क्लासला दोन लाख भरतोच की.

स्टेथो | रविवार, ११ जानेवारी, सकाळी १०:३०

फिलाडेल्फियाचं उदाहरण उत्तम, पण ते तुमच्या विरुद्ध जातं. ते औषध बाळाच्या *यकृतात* गेलं. बाळ जन्मलेलं होतं, मरत होतं, आणि चूक झाली असती तर ती त्याच्यापाशी थांबली असती.

वेगाबद्दल एक जुनी गोष्ट. सप्टेंबर १९९९, जेसी गेल्सिंगर, वय १८. त्याचा आजारही अमोनियाचाच, पण सौम्य. गोळ्या आणि पथ्यावर ठीक चाललं होतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जीन थेरपीच्या चाचणीत तो स्वतःहून गेला. जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूवर त्याच्या शरीरानं असा काही उठाव केला की चार दिवसांत गेला. नंतर चौकशीत नियम धाब्यावर बसवल्याचं निघालं. पुढे फ्रान्समध्ये जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर चाचणी झाली. मुलं बरी झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग त्यातल्या काहींना ल्युकेमिया झाला, कारण घातलेलं जनुक नको त्या जागी जाऊन बसलं होतं. क्रिस्पर त्याहून नेमका आहे हे मान्य. पण तोही कधी दुसरीकडे कापतो, कधी योग्य ठिकाणी कापूनही मोठा तुकडा गाळतो. एक पेशी असताना हे तपासायला ती पेशी मारावी लागते. तपासली तर बाळ नाही, बाळ हवं तर तपासणी अर्धवट.

स्मरणशक्तीचं म्हणाल तर ती एका जनुकात नसते. हजारो ठिकाणी थोडी थोडी, आणि उरलेली घरात, ताटात आणि शाळेत. क्लासचे दोन लाख चालू ठेवा.

सांगोलेकर | रविवार, ११ जानेवारी, दुपारी १:१५

काय करूलालाव बे मंडळी. आम्हाला वाटलं सोलापूरकरानं धागा काढला म्हणजे टॉवेलचाच.

मला माणसाचं कळत नाही, डाळिंबाचं कळतं. आमच्याकडं भगव्याची बाग गुटी बांधून लावतात. चांगलं झाड बघायचं, फांदीची साल काढायची, शेवाळ गुंडाळायचं, मुळ्या फुटल्या की कापून लावायचं. सगळी बाग एका झाडाची. फळ एकसारखं, रंग एकसारखा, व्यापारी खुश. आणि मग तेल्या रोग आला. एका झाडाला आला म्हणजे सगळ्यांना आला, कारण सगळी एकच की. आमच्या भावकीतल्या अडीच एकराच्या बागा जेसीबी लावून उपटल्या. दोन बांधावर बियांपासून उगवलेलं एक आंबट रानटी झाड होतं, त्याच्याकडं तेल्यानं ढुंकून बघितलं नाही. फळ कुत्रं खाणार नाही असलं, पण उभं होतं.

पुण्याचे साहेब चांगलं-वाईट ठरवतेत ते आजच्या बाजारावर ठरवतेत. तेल्या उद्या येतो.

स्टेथो | रविवार, ११ जानेवारी, दुपारी २:००

सांगोलेकर, साष्टांग. सिकलसेलचं हेच आहे. दोन प्रती आल्या तर आयुष्याची राखरांगोळी, एकच आली तर मलेरियापासून बचाव. म्हणून तर ते जनुक मलेरियाच्या मुलखात हजारो वर्षं टिकलं. थॅलेसेमियाच्या एका प्रतीलाही असाच काहीसा फायदा मिळाला असावा असं मानतात.

नंदीध्वज | रविवार, ११ जानेवारी, सायंकाळी ६:२०

इतका वेळ चीनच्या त्या जुळ्या मुलींचं कुणी काढलं नाही याचं आश्चर्य. थोडक्यात लिहितो, कारण ज्याला 'भ्रूणात करून बघायला काय हरकत' वाटतं त्यानं हे वाचावंच.

त्या माणसाचं नाव हे जियानकुई ('हे' हे आडनाव), शेन्झेनच्या विद्यापीठातला प्राध्यापक. नोव्हेंबर २०१८ मध्ये हाँगकाँगच्या परिषदेत त्यानं सांगितलं की त्यानं संपादित केलेल्या भ्रूणांतून जुळ्या मुली जन्मल्या आहेत, लुलू आणि नाना. वडिलांना एचआयव्ही होता, म्हणून मुलींना एचआयव्ही होऊच नये यासाठी सीसीआर-५ हे जनुक (एचआयव्हीला पेशीत शिरायला लागणारं दार) त्यानं मोडायचा घाट घातला. आता बघा, वडिलांना एचआयव्ही असताना निरोगी मूल होण्याचा मार्ग तेव्हाही होता. वीर्य धुऊन आयव्हीएफ करतात. म्हणजे मुली आजारी नव्हत्या, आजारी होणारही नव्हत्या. काही लोकांत निसर्गतः या जनुकाचा ३२ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. याला तो हुबेहूब बदल करताच आला नाही, भलतेच बदल झाले. एका मुलीत दोन्ही प्रती बदलल्या, दुसरीत एकच, म्हणजे जे संरक्षण सांगितलं तेही पुरतं नाही. ज्यांच्यात हे जनुक नसतं त्यांना वेस्ट नाईल तापाचा त्रास जास्त होतो हे आधीच माहीत होतं. आणि आई-बापांकडून सही घेतली त्या कागदावर लिहिलं होतं 'एड्स लस प्रकल्प'.

डिसेंबर २०१९ मध्ये तीन वर्षांची कैद आणि ३० लाख युआन दंड. एप्रिल २०२२ मध्ये सुटला. मुली आता सात वर्षांच्या. त्यांच्या शरीरात नक्की काय झालंय हे जगाला माहीत नाही, आणि ते जगाला कळावं का, हाही वेगळाच प्रश्न. आयुष्यभर कुणीतरी नळी घेऊन मागे, 'जरा रक्त द्या, मानवजातीसाठी'.

(अवांतर: भैय्या चौकातून जाताना डॉ. कोटणीस यांचं घर लागतं. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ मध्ये तिथंच वारले, वय ३२. दुसऱ्याच्या जखमा शिवता शिवता. सोलापूरनं चीनला काय पाठवलं होतं ते आठवतं आणि मग हा दुसरा डॉक्टर आठवतो.)

निवृत्त_सिस्टर | रविवार, ११ जानेवारी, रात्री ९:५०

मी तीस वर्षं या जिल्ह्यात नोकरी केली, आधी उपकेंद्रात, मग तालुक्याला. मला क्रिस्पर कळत नाही. 'फक्त आजारासाठी' हे शब्द मात्र कळतात, कारण ते मी आधी ऐकलेत.

गर्भजल चाचणी आली तीही व्यंग शोधायला. सोनोग्राफी आली तीही बाळाची वाढ बघायला. आणि मग पाट्या लागल्या, आज पाचशे घाला, उद्याचे पन्नास हजार वाचवा. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला, २००३ मध्ये आणखी कडक झाला. मी स्वतः एफ फॉर्म (गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद) भरलेत, ढिगानं. प्रत्येक फॉर्म बरोबर. प्रत्येक दवाखान्यात पाटी, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही'. आणि मशीनवरून उठताना बाईला सांगायचे, "पेढे वाटा" किंवा "बर्फी वाटा". फॉर्मवर पेढ्याचा रकाना नसतो. २००१ च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११ ला ८९४. कायदा असताना.

एक बाई आठवते. विड्या वळायची, बोटं तंबाखूनं पिवळी. दोन मुली होत्या. तिसऱ्या वेळी पाचव्या महिन्यात रक्तस्राव होत माझ्याकडे आली. कुठे गेली होतीस विचारलं तर बोलेना. टेबलावर झोपून छताकडे बघत म्हणाली, "सिस्टर, सासूनं नाही सांगितलं. मीच म्हटलं." ते 'मीच' मला अजून झोपू देत नाही. तिच्यावर कुणी हात उगारला नव्हता. तिनं निवड केली होती. घरातल्या वीस माणसांच्या नजरेनं तिच्या तोंडून केली होती.

म्हणून उद्याचामाणूस यांना विचारते, उंची-रंग-बुद्धी ज्या दिवशी खरंच विकायला येईल त्या दिवशी आमच्या मुली काय निवडतील, आणि 'मीच म्हटलं' म्हणताना तो आवाज कुणाचा असेल? लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी, उंच, सडपातळ' छापतोय आपण. ऑर्डर तयार आहे, दुकान उघडायचं बाकी आहे.

उद्याचामाणूस | रविवार, ११ जानेवारी, रात्री १०:३०

सिस्टर, तुमचा अनुभव जड आहे, त्यावर काय बोलणार. पण सोनोग्राफीचा दुरुपयोग झाला म्हणून आपण सोनोग्राफी बंद केली नाही. तिच्यामुळे किती बायका वाचल्या.

निवृत्त_सिस्टर | रविवार, ११ जानेवारी, रात्री १०:४४

नाही केली, बरोबर. पण सोनोग्राफी पुढच्या पिढीत उतरत नाही. त्या वर्षांत ज्या मुली आल्या नाहीत त्यांची मोजणी तरी करता येते. कातरलेलं जनुक चुकलं तर कुणाच्या दारात जाऊन मोजणार?

खुणांचीभाषा | सोमवार, १२ जानेवारी, सकाळी ७:४०

मी जन्मतः बहिरी आहे. नवराही. आमच्या मुलीला ऐकू येतं. ती आमच्याशी खुणांनी भांडते आणि आजीशी तोंडानं, म्हणजे दुप्पट भांडते.

थॅलेसेमियाच्या मुलीच्या वेदनेची आणि माझी तुलना करत नाही. तिला औषध मिळायलाच हवं. फक्त 'दोष', 'बिघाड', 'चूक' हे शब्द इथे किती सहज पडताहेत ते बघा. माझ्या कानाचं जनुक कुणाच्या तरी यादीत आहेच. ती यादी करायला बसले तेव्हा मला बोलावलं नव्हतं. माझ्यासारखे संपले की दुभाषे संपतील, शाळा संपतील, आणि अपघातानं कान गेलेला माणूस उद्या एकटा पडेल. एवढंच लिहायचं होतं. मला चर्चेत उत्तर द्यायला वेळ नसतो, ऑफिस आहे.

उद्याचामाणूस | सोमवार, १२ जानेवारी, सकाळी ८:५५

म्हणजे मूल मुद्दाम बहिरं राहू द्यायचं? हे भावनिक ब्लॅकमेल

संपादक | सोमवार, १२ जानेवारी, सकाळी ९:१०

वरील प्रतिसादाचा उर्वरित भाग काढला आहे. वैयक्तिक होऊ नये.

विणकरवाडा | सोमवार, १२ जानेवारी, दुपारी ३:३०

आम्ही तेलुगू, पण चौथी पिढी सोलापुरात, मराठी माध्यमात शिकलो, तर माझंही ऐका. आमच्यात याला मेनरिकम म्हणतात. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा, आणि पूर्वी सख्ख्या मामालाच भाची द्यायचे. कारण सोपं आहे, माग घरातच राहतो, मुलगी डोळ्यासमोर राहते, हुंड्याची कटकट कमी. माझे आई-वडील तसेच. आम्ही तिन्ही भावंडं ठणठणीत.

म्हणून कुणी 'नात्यात लग्न करू नका' म्हणायला लागलं की आमच्या म्हाताऱ्यांचं डोकं फिरतं, आणि एका अर्थी बरोबर फिरतं. नात्यात लग्न केल्यानं आजार तयार होत नाही. घरात जो लपून बसलेला असतो त्याच्या दोन बाजू एकत्र येण्याची शक्यता वाढते. कोण लपलाय ते आधी बघा ना. एचपीएलसी नावाची रक्ततपासणी, काही शे रुपये. हिमोग्लोबिन ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं की मायनर समजायचं, कधी सीमेवर असलं तर डॉक्टर पुढची तपासणी सांगतात. पत्रिकेसाठी आम्ही दोन हजार देतो आणि ज्योतिषाला शालही. छत्तीस गुण जुळतात, पण हा सदतिसावा कुणी बघत नाही. (त्यातली गंमत म्हणजे हा गुण *जुळला* तरच लग्न मोडायचं.)

मी आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्यात टेबल लावायचं सुचवलं होतं. उत्तर आलं, "मुलीचा रिपोर्ट बाहेर फुटला तर तिच्याशी लग्न कोण करेल?" मुलाचा फुटला तर काय, हे कुणी विचारलं नाही.

स्टेथो | सोमवार, १२ जानेवारी, रात्री ११:००

विणकरवाडा यांचा प्रतिसाद फ्रेम करून दवाखान्यात लावणार आहे. एकच दुरुस्ती, लग्न मोडायचीही गरज नाही. दोघं मायनर निघाले तर दिवस राहिल्यावर वेळेत गर्भाची तपासणी करा. सायप्रस बेटावर थॅलेसेमियाचं प्रमाण प्रचंड होतं. त्यांनी लग्नाआधी तपासणी लावली, आणि मेजर बाळं जन्मणं जवळजवळ थांबलं. कुणाचंही जनुक न कातरता. त्यांचीही लग्नं फारशी मोडली नाहीत. आपल्याकडे दरवर्षी अशी सुमारे दहा हजार मुलं जन्मतात असं सांगतात.

भाचीसाठी आज करण्यासारखं: ताईंना दुसरं मूल नसेल तर भावाबहिणीचा बोनमॅरो नाही, पण दाजींच्या किंवा ताईंच्या अर्ध्या जुळणाऱ्या बोनमॅरोचं प्रत्यारोपणही आता काही ठिकाणी करतात. विचारून ठेवा. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून प्रत्यारोपणाला दहा लाखांपर्यंत मदत मिळते, त्यांचे निकष बघा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलंय का? २०१६ च्या कायद्यात थॅलेसेमिया आहे. फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाचं माप) किती?

आणि देशी क्रिस्परबद्दल: नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेचं 'बिरसा १०१' जाहीर झालं, बिरसा मुंडांच्या नावानं, कारण सिकलसेलचा सगळ्यात मोठा भार आदिवासींवर आहे. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरमकडे दिलंय. ते सिकलसेलसाठी आहे, थॅलेसेमियासाठी नाही, आणि उद्या दवाखान्यात मिळेल अशी वस्तूही नव्हे. पण २० कोटींचा आकडा फोडायचा हेतू त्यात उघड आहे. भाची बारा वर्षांची होईपर्यंत बरंच पाणी वाहून जाईल. तोवर तिचं यकृत आणि हृदय सततच्या रक्तामुळे साठणाऱ्या लोहापासून वाचवणं हे तुमचं काम.

कडकभाकरी | शुक्रवार, १६ जानेवारी, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, घरी धुमाकूळ चालू होता.

फेरिटिन अडीच हजारांच्या वर. लोह काढायची गोळी पाण्यात विरघळवून देतो, खडूच्या पाण्यासारखं होतं ते, आणि ती अर्धं कुंडीत ओतते हे परवा कळलं. कुंडीतला गुलाब वाळलाय. आता समोर बसून पाजतो. प्रमाणपत्र नव्हतं, अर्ज केलाय.

ताईला सिस्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. पूर्ण ऐकला आणि म्हणाली, "मला गोरं नको, उंच नको. मला फक्त सुई नको आहे." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली की त्या सेंटरच्या माणसानं रंगाचं बोलल्यावर दाजी हसले होते, ते तिला तेव्हाच खटकलं होतं. दुसऱ्या मुलाचं अजून ठरत नाही. ठरलं तर डॉक्टरांनी सांगितलेल्या रस्त्यानं, कात्रीच्या नाही. दाजींनी त्या माणसाला फोन करून 'तुम्ही तपासता की दुरुस्त करता, हे लेटरहेडवर लिहून द्या' म्हटलं. त्यानंतर नंबर बंद.

उद्याचामाणूस, तुमच्यावर राग नाही. भाचीच्या पिशवीच्या वेळी मी पण मनातल्या मनात हेच म्हणतो, लवकर या रे, लवकर. फक्त तिच्यासाठी या. जिच्या हाताला धरून मी विचारू शकतो 'करायचं का गं?' तिच्यासाठी.

आता खरी भानगड. माझ्या चुलतभावाचं लग्न वैशाखात ठरलंय, त्याच्या मामाच्या मुलीशी. मी स्वतः मायनर आहे (बायको नॉर्मल निघाली, सुटलो), म्हणजे हे आमच्या आजोबांकडून आलं की आजीकडून, देव जाणे. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो आणि काकांना एचपीएलसीचं सांगितलं. काका म्हणाले, "आमच्या घरात रोग आहे असं म्हणतोस?" काकूनं तिळगूळ हातात दिलाच नाही, टीपॉयवर ठेवला. चुलतभाऊ गड्ड्यावर (सिद्धेश्वराच्या जत्रेत) भेटला. पाळण्याच्या रांगेत उभं असताना सांगितलं, तर म्हणाला मी करतो रे, पण तिला कसं सांगू.

भाचीला बुधवारीच रक्त दिलं होतं, हिमोग्लोबिन चांगलं होतं, म्हणून तिला पाळण्यात बसू दिलं. दोनदा बसली. मला एकदा.

सांगोलेकर | शुक्रवार, १६ जानेवारी, रात्री १०:०२

काकाला माझ्याकडं पाठवा. तेल्याची बाग दाखवतो.

कडकभाकरी | मंगळवार, २० जानेवारी, सकाळी ११:१५

काल रात्री काकांचा फोन. कसा आहेस नाही, काही नाही. "ती तपासणी उपाशीपोटी करायची असते का?" म्हटलं नाही, जेवून गेलं तरी चालतं. "दोघांनी एकदमच जावं लागतं का?" म्हटलं वेगवेगळं गेलं तरी चालतं. बरं म्हणाले आणि ठेवला. दहा मिनिटांनी काकूच्या नंबरवरून मेसेज, लॅबचा पत्ता पाठव. पाठवलाय.